कुणी हात लावलाय का?

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू वहिनी, तिचं एक चाक निखळलंय, परवा आमची डिझाइनवाली पडता पडता वाचली. इकडे या. ही घ्या. ही मास्तरांचीच. पाठीला उशी आहे बघा अजून, कुणी काढली नाही, म्हणजे मीच काढू दिली नाही. बसा हो, आत्ता कुणी काही म्हणायला नाही, सगळे खाली जेवायला गेलेत, पाऊण तास तरी वर फिरकायचे नाहीत — म्हणून तर फोनवर म्हटलं, सव्वाला या. सामान काय, कुरियरनेही आलं असतं, सर तसंच म्हणाले होते, दे पाठवून म्हणाले. मीच म्हटलं, नको, घरच्या माणसाच्या हातात देतो. पाणी देऊ? चहा? बरं, राहिलं. तुम्हाला ‘मास्तर’ म्हटलेलं खटकत नाही ना? इथे सगळे तेच म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, माहीत आहे मला, छापखान्यात प्रुफं तपासायचे आणि चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले — पण मास्तरच ते. पहिल्या दिवशी मीच ठेवलं ते नाव.

हे बघा, यादी केलीय मी, म्हणजे तुम्हाला वाटायला नको काही राहिलं. जादा चष्मा, त्याच्या केससकट. कप. स्वेटर — हा एसीचा झोत नेमका त्यांच्या मानेवर यायचा, दहा वेळा सांगितलं जागा बदला, नाही म्हणजे नाही. ही लाल-निळी पेन्सिल. हे भिंग, छापखान्यातलं, आम्ही हसायचो, म्हणायचो मास्तर, स्क्रीनवर अक्षरं मोठी करता येतात हो! तर म्हणायचे, मोठी केली की स्वल्पविराम लपतो. ही गोळ्यांची पाकिटं, एक अर्धं आहे. ही डबी कसली ते मला माहीत नाही, मी उघडली नाही. झालं. एवढंच. — वही? कुठली वही? हां, ती. खाकी कव्हराची. नाही, ती नाही सापडली. बघितली ना, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बघितला, मागे काही पडलंय का म्हणून टॉर्च मारला. नाहीये. कुठे जाते काय माहीत, या ऑफिसात तर स्टेपलरसुद्धा महिनाभर टिकत नाही.

कसे आहेत ते? बरे आहेत. बरं बरं. फिरायला वगैरे जातात का? नाही. हं.

तुम्हाला त्यांनी सांगितलंच असेल सगळं — नाही? काहीच नाही? म्हणजे त्यांना का काढलं हेही नाही? ‘चूक झाली’ एवढंच? आता मी काय सांगू. म्हणजे सांगतो, अवघड नाहीये ते. आम्ही इथे लोकांना ॲप्लिकेशन करून देतो, दवाखाने, क्लास, ग्रंथालयं, असल्या लोकांना. पण एक एक ओळ हाताने लिहीत नाही, कोण लिहितंय! आमच्याकडे एक जनरेटर आहे. तो तुम्हाला वीस-पंचवीस प्रश्न विचारतो — संस्थेचं नाव काय, लोकांची नोंद ठेवायची का, निरोप पाठवायचे का — आणि दोन मिनिटांत अख्खं ॲप्लिकेशन उभं करून देतो. घर म्हणा ना. भिंती, दारं, दिवे, सगळं तयार. आणि त्यात एक कॉन्फिग नावाची फाइल असते, त्यात कुठला दिवा चालू, कुठला बंद, एवढंच लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं मला असं हवं, तसं हवं, मग आम्ही त्या फाइलमध्ये शिरतो. आता गंमत कुठे आहे, तर त्या फाइलच्या पहिल्या ओळीतच बजावलेलं असतं — ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हिच्यात हाताने बदल करू नका, केलेत तर पुसले जातील. कारण उद्या गिऱ्हाइकाला फॉर्मवर एक रकाना वाढवून हवा झाला की जनरेटर पुन्हा चालवायचा, आणि तो चालवला की ही फाइल तो पहिल्यासारखी कोरी करकरीत लिहून टाकतो. म्हणून आपले बदल शेजारी वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे, तिला तो हात लावत नाही. साधा नियम. पोरासोरांनाही कळेल असा.

पण माणूस घाईत असतो ना वहिनी. गिऱ्हाईक फोनवर, आत्ताच्या आत्ता करून द्या म्हणतंय. मग काय करतो आपण — थेट सर्व्हरवर जातो, फाइल उघडतो, एक शब्द बदलतो, बंद करतो. चाललं! वेगळ्या फाइलचं नंतर बघू. सगळेच करतात. आणि तसं केलं की मशीनमध्ये त्याची नोंदही राहत नाही, कुणी केलं, कधी केलं, काही नाही. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. जनरेटर चालवायच्या आधी ते या खुर्चीतून उठायचे, वही घ्यायचे, आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन विचारायचे, “अमक्याचं ॲप्लिकेशन पुन्हा काढतोय. कॉन्फिगला कुणी हात लावलाय का?” एकेकाला. नाव घेऊन. आम्ही म्हणायचो, अहो ग्रुपवर टाका की मेसेज! तर नाही. मशीनला जे माहीत नाही ते माणसाला विचारावं लागतं, म्हणायचे, आणि माणसाला तोंडावर विचारावं. आणि उत्तर आलं की उभ्या उभ्या लिहायचे, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. डिझाइनवाली त्यांची हुबेहूब नक्कल करायची, वही छातीशी धरून. त्यांच्यासमोरच करायची. हसायचे तेही.

तर ते डायलिसिसचं केंद्र. आमचं गिऱ्हाईक. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपावं लागतं, तुम्हाला माहीतच असेल, आणि त्यांच्या पाळ्यांचे निरोप आमच्या ॲप्लिकेशनमधून जायचे. आता जनरेटर नवं ॲप्लिकेशन काढतो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम चालू ठेवतो, टेस्ट मोड. म्हणजे काय, की आपण नुसतं तपासून बघत असताना खऱ्या लोकांना निरोप जाऊ नयेत, म्हणून सगळे निरोप एकाच मेलबॉक्सात येऊन पडतात, आमच्याच. चांगलीच सोय आहे ती. काम सुरू झालं की टेस्ट मोड बंद करायचा. तो बंद केलेला होता. मग केंद्राला रक्तगटाचा रकाना हवा झाला, मास्तरांनी जनरेटर चालवला, आणि टेस्ट मोड पुन्हा चालू झाला. कुणाला कळलंच नाही. केंद्रातल्या बाईच्या स्क्रीनवर ‘निरोप पाठवला’ असंच येत होतं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत एका मंगळवारी केंद्राचं पाण्याचं काम निघालं, आणि त्या दिवशीच्या सगळ्यांना पुलापलीकडच्या इमारतीत बोलावलं होतं. एकतीस जणांना निरोप. बऱ्याच जणांना नर्सनी तोंडी सांगितलं, काहींना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळलं. एक बाई राहिल्या. कपडे शिवतात त्या, एकट्याच येतात. आल्या, दार बंद, पायरीवर बसल्या. त्यांना वाटलं उघडतील. दोन पाळ्या आधीच पुढेमागे झालेल्या होत्या त्यांच्या. तीन तास बसल्या आणि तिथेच कोसळल्या. नऊ दिवस आयसीयूत होत्या.

वाचल्या, वहिनी. वाचल्या. आता बऱ्या आहेत, मी चौकशी करतो, दर सोमवारी करतो. त्यांना वाटतं मी विम्याच्या कंपनीतून बोलतोय.

मग त्यांचा मुलगा आला इथे. या इथेच उभा होता, पायात चप्पल एक काळी एक तपकिरी, दवाखान्यातून उठून तसाच आलेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, माझ्या आईला निरोप का नाही आला ते मला कुणीतरी सांगा. आणि सरांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, त्याच्यासमोरच. जनरेटर कुणी चालवला? मास्तर म्हणाले, मी. न विचारता चालवलात? विचारलं होतं, म्हणाले. प्रत्येकाला विचारलं होतं, सगळे नाही म्हणाले, वहीत लिहिलंय, थांबा, आणतो. आणि गेले आणायला.

तुम्ही पाणी घ्याच थोडं. मीच घेतो.

ड्रॉवर उघडला त्यांनी. मग दुसरा उघडला. मग बॅग उपडी केली टेबलावर. काचेतून सगळं दिसत होतं आम्हाला. खाली वाकून टेबलाखाली बघितलं, हातावर-गुडघ्यांवर, त्यांचे गुडघे कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. पाच मिनिटं, सात मिनिटं. आणि रिकाम्या हातांनी परत आले. म्हणाले, इथेच होती. सर म्हणाले, असू दे, वही राहू दे, तुम्हाला आठवतंय ना, सांगा कुणाकुणाला विचारलंत. आणि त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. सहा जण होतो. पाच जणांना खरंच आठवत नव्हतं हो, ते रोजच विचारायचे, कोण लक्षात ठेवतंय! सगळ्यांनी खांदे उडवले. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं — म्हणजे मी काही खोटं नाही बोललो, मी म्हटलं, मला नक्की आठवत नाही. आणि त्यांच्या डोक्यावर खापर फुटलं. खरं म्हणजे त्यांनी मला विचारलं तेव्हा मी फोनवर होतो. फोनवर म्हणजे, हेडफोन होते कानात. मान हलवली मी, कशाला हलवतोय हे न कळता, होतं ना असं? होतं. कुणाचंही होतं.

काय म्हणालात? डॉक्टर? कसले डॉक्टर? विसरायला होतं म्हणून — कुणाला, मास्तरांना? त्यांना? अहो, त्या माणसाला तीन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलमधली चौदावी ओळ पाठ असते! नाही नाही, थांबा. ते स्वतःच म्हणतात? म्हणजे, ‘मी विचारलंच नसेन, मला तसं वाटलं असेल’ असं म्हणतात? रोज? आणि गॅस... गॅस बंद केला की पुन्हा उठून बघतात. पाच-पाचदा. तुम्हालाच विचारतात, मी आत्ता बघून आलो का. आणि डॉक्टर काय म्हणाले? तपासण्या लिहून दिल्या. मेंदूच्या. आणि मास्तरांनी बँकेची कामंही शिकवायला घेतलीत तुम्हाला, पुढेमागे आपल्याला जमणार नाही म्हणून.

वहिनी, तपासण्या नका करू. नाही, करा, करू नका असं मी कोण सांगणार — पण काही निघणार नाही. त्यांना काही झालेलं नाही. त्यांनी विचारलं होतं. गुरुवारी, अकरा वीसला. तुम्हाला आश्चर्य वाटेल मला वेळ कशी माहीत.

ही घ्या. हीच ना? माझ्या डब्याच्या पिशवीत असते. रोज घरी नेतो, रोज परत आणतो, घरी ठेवायचीही भीती, इथे ठेवायचीही भीती. बायको विचारते डब्याला एवढं वजन कसं. तुम्ही नका उघडू, मी काढून देतो पान, माझ्या हाताला सवय झालीय आता. हे बघा. “डायलिसिस केंद्र. रक्तगट. ११.२०.” आणि खाली नावं, आणि हे माझं, आणि पुढे “नाही म्हणाला.” आणि त्याच्यापुढे कंसात काय लिहिलंय बघा, “दोनदा विचारलं.” दोनदा विचारलं होतं त्यांनी मला. हेडफोन नव्हते हो माझ्या कानात. खोटं बोललो मी आत्ता. माझ्याकडे बघत होते, भिंगातून बघतात तसं, आणि म्हणाले, नक्की ना रे? केंद्राचं काम तूच सुरू केलं होतंस म्हणून विचारतो. आणि मला आठवत होतं! स्वच्छ आठवत होतं. टेस्ट मोड मीच बंद केला होता, थेट सर्व्हरवर जाऊन, त्या पहिल्या ओळीच्या खाली बसून. पण त्याच्या दोन आठवडे आधीच एका ग्रंथालयाच्या कामात असंच केलं होतं मी आणि मास्तरांनी पकडलं होतं, सगळ्यांदेखत म्हणाले होते, अरे, पहिली ओळ वाचता येत नाही का तुला? सगळे हसले होते. सरांनी लेखी ताकीद दिली होती मला त्यावरून. आता पुन्हा हो म्हणायचं, पुन्हा ते हसणं — नको झालं मला. म्हटलं, नाही म्हणून टाकू, त्यांचं चालवून झालं की हळूच जाऊन पुन्हा बंद करू, दोन मिनिटांचं काम, कुणाला कळणार? आणि दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला, ताप आलाय, घेऊन जा. गेलो. आणि विसरलो. विसरायचं खरं दुखणं मला आहे, वहिनी, त्यांना नाही.

त्या बाई कोसळल्याचं कळलं तेव्हा मी तो मेलबॉक्स उघडला. दोनशे सोळा निरोप. एकेकाच्या नावाने. त्यांचा होता, “मंगळवारी आपली पाळी पुलापलीकडील इमारतीत आहे, कृपया नऊला यावे.” माझ्या मशीनवर पडून होता, आणि मी आठ फुटांवर बसून डबा खात होतो. मग मी आधी मास्तरांच्या ड्रॉवरमधून वही काढली. आधी वही, मग बाकीचं. मुलगा यायच्या तासभर आधी. मास्तर हात धुवायला गेले होते. मला वाटलं, वही नसली तर कुणाचंच नाव येणार नाही, सगळ्यांचीच चूक ठरेल, मशीनची ठरेल, आणि प्रकरण मिटेल. ते गुडघ्यांवर बसून शोधतील असं नव्हतं वाटलं मला. आई शप्पथ नव्हतं वाटलं. आणि त्यांच्या जागेवर मला बसवतील असंही नव्हतं वाटलं. आता जनरेटर मी चालवतो. कुणाला काही विचारत नाही, माझी छातीच होत नाही कुणाला तोंडावर विचारायची.

शिव्या द्या. नाही? बरं. हे बघा, मी तुम्हाला बोलावलं ते याचसाठी. सामान हे निमित्त. वही तुमच्या हातात द्यायची, एवढंच ठरवलं होतं, फोन करायच्या आधी चार दिवस ठरवत होतो. तुम्ही घरी जाऊन नुसतं सांगितलंत ना की तुमचं बरोबर होतं, तर त्यांना वाटेल बायको समजूत घालतेय. त्यांना लिहिलेलं लागतं. त्यांचं स्वतःचं अक्षर बघितलं की — आणि सरांनाही दाखवतो मी. आजच दाखवतो. माझ्या तोंडाने सांगतो, मास्तरांना परत बोलवा, मला काढा, काय करायचं ते करा. जेवून आले की लगेच. घ्या. घ्या ना. दोन्ही हातांनी धरलीत, धरा, छान झालं, मला एवढं हलकं —

लिफ्ट वाजली का? एवढ्यात? एक चाळीस झाले फक्त. सर आहेत. त्यांच्या बुटांचा आवाज आहे. वहिनी, एक मिनिट. एक मिनिट द्या तिकडे. नाही, देणार आहे मी तुम्हाला, आत्ता फक्त — मला आधी त्यांच्याशी नीट बोलू दे, असं एकदम नको, दारात नको. सोडा ना. वहिनी, सोडा. पान फाटेल. मी पाया पडतो तुमच्या, सोडा —

हां सर! या सर. नाही, काही नाही, मास्तरांच्या मिसेस आल्यात, सामान न्यायला. हो, दिलं सगळं, यादीप्रमाणे दिलं. — ती वही? नाही सर. नाही सापडली. कुठे जाते काय माहीत. माझ्या हातात? ही डब्याची पिशवी आहे सर, माझा डबा.

नाही, बसत नाहीत त्या. त्या निघाल्याच आहेत.